चौथी मेंढी

तीन दश्श्या एका जोडीच्या पुढ्यात जमल्या आणि चौथी अजून कुणाच्या तरी हातात आहे, असं झालं की डाव बघायला उभे असलेलेही मधे तोंड घालतात. मग ‘बाहेरच्यांनी बोलायचं नाही’ म्हणून एकजण डाफरतो. चौथी मिळाली तर मेंढीकोट, निसटली तर नुसती जीत. वर्धा जिल्ह्यात गिरडकडच्या एखाद्या गावचा पार असो, नाहीतर मुंबईच्या लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस, पत्त्यांत कोट बसण्याइतकी दुसरी फजिती नाही.

खेळ साधा आहे. चौघे खेळणारे, समोरासमोरचे भिडू. पाच-चार-चार अशी वाटणी झाली की प्रत्येकाकडे 13 पानं. तीन मेंढ्या, म्हणजे तीन दश्श्या, ज्यांच्याकडे गेल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारे जिंकले. चारही एकीकडे गेल्या की कोट. आणि एकाच जोडीने 13 च्या 13 हात ओढले तर बावन्न पानी कोट. तो बसला की समोरची जोडी काही वेळ एकमेकांकडे बघत नाही.

गंमत अशी की ज्या पानावर सगळा डाव, तेच पान लेचंपेचं. एक्का, राजा, राणी, गुलाम हे चौघेही दश्शीला खातात; हुकमाची दुर्रीसुद्धा तिला कापून नेते. म्हणून मेंढी बहुतेकदा भिडूच्या जिवावर घरी येते. हुकूम ठरलेला आहे, भिडूने किलवरचा एक्का उतरला आहे, आपल्याकडे किलवर संपलं आहे आणि मागून कापणारं कुणी उरलेलं नाही. अशा वेळी चौकटची दश्शी गुपचूप त्या हातात सोडून द्यायची. कट हुकमाने खेळत असाल आणि हुकूम अजून ठरलाच नसेल, तर गोष्ट वेगळी. उतारीचा रंग हातात नसताना जे पहिलं पान पडेल, त्याचाच रंग हुकूम होतो. म्हणजे तीच चौकटची दश्शी टाकली तर क्षणात सगळी चौकट हुकूम!

नशिबाचा वाटा किती, हे हिशेबाने सांगता येतं. चारही दश्श्या वाटणीतच आपल्या जोडीकडे येणं साधारण 18 डावांत एकदा घडतं. एकट्या आपल्याच हातात चारही येणं मात्र साधारण 379 डावांत एकदा. एका रंगाची तेराही पानं एका खेळाडूला मिळण्याची शक्यता तर सुमारे 15,875 कोटींत एक. कुणी तसा डाव पाहिल्याचं शपथेवर सांगत असेल, तर आधी गड्डी कोरी होती का ते विचारावं. नव्या गड्डीत पानं रंगवार लागलेली असतात. दोन्ही भाग एकाआड एक पान गुंतवत दोनदा अगदी तंतोतंत पिसलं आणि एकेक पान वाटलं, तर चौघांना चार रंग पूर्ण मिळतात.

जपानी माहजाँगमध्ये अशा दुर्मीळ हाताला ‘याकुमान’ म्हणतात. तिथे 136 सोंगट्या असतात आणि 14 सोंगट्यांचा जुळलेला हात जिंकतो. सुरुवातीला प्रत्येकाकडे सहसा 25,000 गुण असतात. याकुमानचे मिळतात 32,000, वाटणाऱ्याला 48,000. ज्याने टाकलेल्या सोंगटीवर तो हात पुरा झाला, त्याला एकट्याला सगळं भरावं लागतं. म्हणजे पहिल्याच डावात तो शून्याच्या खाली. ‘चुरेन पोतो’ हा त्यातला एक प्रसिद्ध हात: एकाच रंगातले तीन एक्के, तीन नव्वे, दोन ते आठ प्रत्येकी एक आणि त्याच रंगाची आणखी कुठलीही एक सोंगटी. हा हात साधणारा लवकर मरतो, अशी तिकडे जुनी समजूत आहे. वाटणाऱ्याचा हात वाटणीतच जुळलेला निघणं, म्हणजे ‘तेनहो’, साधारण 3,30,000 डावांत एकदा.

तरी याकुमानपेक्षा मेंढीकोट सरस वाटतो, आणि यात गाववाल्याचा अभिमान थोडा असेलही. माहजाँगमध्ये जो तो स्वतःपुरता. इथे कोट दोघांनी मिळून चढवायचा, तोही न बोलता. भिडूने नव्वी का टाकली, राणी का राखून ठेवली, हे त्याच्या पानांवरूनच ओळखायचं. डोळ्यांनी खूण केली तर भांडण ठरलेलं. हावही इथे लगेच भोवते. चौथ्या मेंढीच्या मागे लागून हुकूम उधळला, की हातातली तिसरीही जाते. त्यामुळे चारही दश्श्या वाटणीतच आल्या तर त्या कोटाचं फार कौतुक करू नये. दोन मेंढ्या समोरच्यांच्या हातातून काढून चढवलेला कोट खरा.

हरणाऱ्या जोडीतला पिसणारा पुढच्या डावालाही पिसतच राहतो, असा पुष्कळ ठिकाणचा रिवाज आहे. बावन्न पानी कोट बसला तर मात्र गड्डी त्याच्या भिडूच्या हातात जाते.