धनुर्वात : स्नायूंचा लगाम सुटतो तेव्हा

कोपरातून हात वाकवून पाहा. दंडाचा पुढचा स्नायू आवळतो, त्याच वेळी मागचा सैल पडतो. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून मज्जातंतूंमार्फत स्नायूपर्यंत पोहोचतो. तंतूच्या टोकाला असिटाइलकोलीन हे रसायन सुटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. पण नुसता ‘आवळ’ हा हुकूम पुरत नाही. ‘आता पुरे’ म्हणून लगाम घालणाऱ्या पेशीही मज्जारज्जूत असतात.

धनुर्वातात हाच लगाम सुटतो. त्याचे जंतू माती, धूळ, शेणात असतात. खोल जखमेत, हवा पोहोचत नाही तिथे ते वाढतात. त्यांचं विष मज्जातंतूतून वर चढतं आणि लगामाची रसायनं सुटूच देत नाही. साधारण 3 ते 21 दिवसांत दातखीळ बसते, गिळता येत नाही, पाठ धनुष्यासारखी वाकते. छातीचे स्नायू आवळले की श्वास अडतो.

अशा माणसाला पाहून ‘बाहेरचं लागलं’ म्हणणारे आजही भेटतात. बुद्धाचा धम्म कारण शोधायला सांगतो, आणि इथे कारण जंतूचं विष आहे. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकतो. आवाज, उजेड, साधा स्पर्श यानेही झटका येतो. म्हणजे भगताच्या ढोलाने त्रास वाढणारच! रिक्षा करा, थेट मोठं सरकारी रुग्णालय गाठा.

गंजाला लोक उगाच बदनाम करतात. मातीत पडलेला चकचकीत खिळाही तितकाच घातक. जखम वाहत्या पाण्याने, साबणाने धुवा. शेण, माती, चुना लावू नका.

गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे 2015 साली भारतात माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. बाळांना लस मिळते, पुढे 10 आणि 16 व्या वर्षी टीडी. राहतो तो गटार उपसणारा, भंगार फोडणारा, नाक्यावर कामाला उभा राहणारा मोठा माणूस. त्याला कुणी विचारत नाही, मुकादम तर नाहीच. दर 10 वर्षांनी त्यालाही डोस हवा. पूर्वी लस घेतलीच नसेल किंवा आठवत नसेल, तर जखम दाखवताना डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मळकट जखमेत अशा माणसाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं.