मूल होत नसेल तर

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की लोक बोलू लागतात. बोल लागतो तो बाईला. पण दोष पुरुषातही असू शकतो. त्याच्या वीर्याची तपासणी सोपी असते. तरी पुष्कळ पुरुष लाजतात, आणि बायकोला मात्र गंडेदोरे बांधीत गावोगाव फिरवतात! वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर दोघांनीही डॉक्टरकडे जावं.

पुष्कळदा औषधाने काम होतं. बाईच्या गर्भनळ्या बंद असल्या, तर तिचं बीज काढून काचेच्या बशीत नवऱ्याच्या बीजाशी मिळवतात. काही दिवसांनी तो गर्भ तिच्या पिशवीत ठेवतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ साली असं मूल जन्माला आलं. याला खर्च फार, आणि दर वेळी यश येतंच असं नाही.

पिशवीच नसेल तर? मग दुसरी बाई त्या जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवते. तिला सरोगेट आई म्हणतात. पूर्वी गरीब बाया पैशासाठी हे करीत. २०२१ च्या कायद्याने ते बंद झालं. औषधपाण्याचा खर्च आणि विमा, एवढंच तिला देता येतं. कुणी पैशाचं आमिष दाखवलं, तर तो गुन्हा आहे. ती २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. तेही जन्मात एकदाच. तिची संमती तिला समजेल अशा भाषेत लिहून घ्यावी लागते. आणि गर्भ पोटात ठेवण्यापूर्वी ती नाही म्हणू शकते.