घरातील कासवाचे वजन

नातवंडांनी हौसेने आणलेले लाल कानपट्टीचे कासव अखेर आपल्याच सांभाळी आले असेल, तर त्याच्या अंगाकडे नीट पाहावे. पाय आत ओढताना कवचाच्या कडेने मांसल वळ्या फुगून येत असतील, तर ते लठ्ठ झाले आहे. प्रौढ कासवाला रोज दाणे घालणे हा निव्वळ लाड. एक दिवसाआड पुरे, हिरवा पाला मात्र रोज चालतो. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे.

काटा स्वयंपाकघरातला नको. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि उतारवयात तो जुलाब जिवावर बेततो. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री थांबवली. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, टाकीचे पाणी मोरीत ओतू नये.

स्टार कासव पाळणे मात्र गुन्हा आहे. त्याचे वजन करीत न बसता वनविभागाला कळवावे.