नाव झाका, मग चाखा

भडगावातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा आणि म्हणा, "भाऊ, एक चॉकलेट द्या." दुकानदार बरणीत हात घालील आणि आंब्याची गोळी काढील, नाहीतर वेलचीची टॉफी. ज्यात कोको आहे असं चॉकलेट हातावर पडण्याचा संभव कमीच. ते हवं असेल तर आपण "कॅडबरी द्या" म्हणतो, मग वेष्टणावर नाव दुसऱ्याच कंपनीचं का असेना.

रोजच्या बोलण्यात हे चालून जातं. घरात चार जण बसून कुठलं चॉकलेट चांगलं हे ठरवू लागले की मात्र इथूनच गोंधळ सुरू होतो. आंबा आणि चिंच शेजारी ठेवून जास्त गोड काय असं विचारलं तर चिंच दर वेळी हरेल. त्यात चिंचेचा काही दोष नाही. म्हणून आधी बरणीतली घराणी वेगळी करू, मग चाखू आणि मग गुण देऊ. हे सगळं घरच्या घरी करता येतं.

बरणीतली चार घराणी

पहिलं घराणं कडक गोळीचं. साखर, ग्लुकोज सिरप आणि पाणी उकळत साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. पाणी जवळजवळ सगळं उडतं, दोन-तीन टक्के काय ते राहतं. मग आम्ल, रंग आणि सुगंध घालून तो गोळा साच्यात दाबतात. थंड झाल्यावर होते ती साखरेची काच.

ही काच म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला पटकन कळेल, कारण होळीला मुलांच्या गळ्यात घालायचे साखरेचे हार-कंगन आपल्या ओळखीचे आहेत. तीच साखर, तोच पाक. पण हार-कंगनाचा पाक घोटतात आणि दोरा घातलेल्या साच्यात ओततात. घोटल्यामुळे साखरेचे बारीक दाणे पुन्हा जमतात, म्हणून हार पांढरा, अपारदर्शक आणि दातांखाली भुसभुशीत. गोळीत ग्लुकोज सिरप ते दाणे जमूच देत नाही, म्हणून ती पारदर्शक आणि टणक. गोळी तोंडात खरखरीत लागली तर तिच्यात दाणे धरलेत असं समजावं. गोळीत तो दोष. हारात मात्र तेच अपेक्षित.

गोळीची परंपरा आपल्या शेजारची आहे. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव गिरणेच्याच खोऱ्यातलं. वालचंद हिराचंद यांनी तिथे १९३३ साली साखरेचा उद्योग उभा केला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावं तिथली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही नावं रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ साली सुरू झालेल्या पार्लेचा आरंभही बिस्किटांच्या आधी गोळ्यांनीच झाला होता.

दुसरं घराणं टॉफीचं. इथे साखरेसोबत दूध आणि स्निग्ध पदार्थ येतो आणि पाक गोळीपेक्षा बराच कमी तापवतात. त्यामुळे पाणी जास्त राहतं आणि टॉफी चावता येते. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो. बासुंदी आटवताना कढईच्या कडेला जो वास सुटतो, त्याचंच हे भावंड. वेलचीची किसमी, बाहेर कॅरॅमल आणि आत चॉकलेट असलेली मेलडी, एक्लेअर्स हे सगळे इथले.

तिसरं घराणं चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या वड्यांचं. धंद्यातली माणसं याला कंपाउंड म्हणतात. यात कोकोची पूड असते. पण कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतीजन्य फॅट, बऱ्याचदा हायड्रोजनेटेड. आपल्या जिल्ह्याला हे प्रकरण नवं नाही. अमळनेरला डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. पुढे तीच विप्रो झाली. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं, हे वनस्पती तुपामागचं तंत्र. तेल घट्ट झालं की ते उन्हातही आकार धरून राहतं, आणि कंपाउंडला नेमकं तेच हवं असतं.

चौथं घराणं खऱ्या चॉकलेटचं. कोकोच्या बिया आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि साखरेबरोबर इतक्या बारीक दळायच्या की कण २० ते २५ मायक्रॉनचे व्हावेत. कण ३० मायक्रॉनच्या वर गेले की जिभेला रवाळपणा कळू लागतो. या सगळ्याला बांधून ठेवतं ते कोको बटर. भारतात कोको मुख्यतः आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत पिकतो, नारळ-सुपारीच्या सावलीत.

मुहूर्त थंडीचा

कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्या तोंडाचं तापमान ३७ च्या आसपास. म्हणून चॉकलेट हातात टणक असतं आणि जिभेवर पाघळतं; त्याची सगळी गंमत या तीन अंशांच्या फरकात आहे. आता भडगावचा उन्हाळा आठवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या दुकानात ठेवलेलं चॉकलेट दुपारी मऊ होतं, रात्री घट्ट होतं, पुन्हा मऊ होतं. या चक्रात कोको बटरचे स्फटिक विस्कटतात आणि वडीवर पांढुरकी साय धरते. ती बुरशी समजून लोक घाबरतात. ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर आहे. खाऊन अपाय होत नाही, पण कडक तुटणं आणि मऊ वितळणं दोन्ही गेलेलं असतं.

पावसाळा गोळ्यांचा वैरी. साखरेची काच हवेतलं पाणी ओढते, गोळी चिकट होते आणि कागद सुटत नाही.

तेव्हा आपल्याकडे चाखण्याचा मुहूर्त एकच, पौष-माघातली सकाळ. चॉकलेट २० ते २२ अंशांना चाखलं तर त्याचा खरा स्वभाव कळतो आणि तेवढा गारवा त्या दिवसांत आपल्याला फुकट मिळतो. उन्हाळ्यात फ्रीजचा आधार घ्यावाच लागला तर वडी हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा बाहेर काढल्यावर अर्धा तास उघडू नका. नाहीतर गार वडीवर हवेतली वाफ जमते, साखर विरघळते आणि ते पाणी सुकलं की पृष्ठभाग खरखरीत होतो.

आणखी एक पथ्य. प्रत्येक नमुना दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणा. एका दुकानातली वडी पांढुरकी आणि दुसऱ्यातली चकचकीत निघाली तर दोष कारखान्याचा नसून उन्हाचा आहे, हे लगेच उमगेल.

मांडणी

न्याहारी होऊन दोन तास झालेले असावेत. ठेचा, कांदा, तंबाखू, सुपारी त्या सकाळी वर्ज्य. अत्तर आणि उदबत्तीही नको. चाखणाऱ्यांसाठी कोमट पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे ठेवा. गार पाण्याने जिभेवरचं कोको बटर थिजतं आणि मागची चव पुढच्या नमुन्यात मिसळते.

घरातल्या एकाने चाखायचं नाही, फक्त मांडायचं. त्याने कागद काढावेत आणि वड्यांवर नाव कोरलेलं असेल तर सुरीने तुकडे करावेत, म्हणजे आकारावरून ओळख पटणार नाही. प्रत्येक नमुन्याला तीन आकडी खूण द्यावी: ४१७, ८६२, २९५ अशी. एक, दोन, तीन असे क्रमांक देऊ नयेत, कारण पहिल्या क्रमांकाकडे मन आपसूक झुकतं. क्रमही प्रत्येकासाठी बदलावा. पहिला गोड घास नेहमीच जास्त भावतो. एका बैठकीत एकाच घराण्याचे चार, फार तर पाच नमुने घ्यावेत. त्यापुढे जीभ थकते.

बहुतेक दुधाळ चॉकलेटांत निम्म्याहून जास्त साखर असते. तेव्हा तुकडा नखाएवढाच घ्या, मधुमेह असलेल्यांना मांडणीचं काम द्या आणि चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊ नका. ती घशात अडकू शकते.

चाखण्याच्या पायऱ्या

आधी पाहा. चॉकलेटला चमक हवी, गोळीच्या आरपार उजेड दिसावा.

मग कानाजवळ मोडा. घडी नीट बसलेलं चॉकलेट टक्कन तुटतं. कंपाउंडचा आवाज बहुधा बोदा असतो.

मग वास घ्या आणि नाक चिमटीत धरून तुकडा तोंडात टाका. नाक बंद असताना फक्त गोड, आंबट, कडू एवढंच कळेल. आंबा आहे की संत्रं, हे ओळखता येणार नाही. पाच आकडे मोजून नाक सोडा; सगळा स्वाद एकदम उलगडतो. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. मुलांना हा प्रयोग जरूर करायला द्या. पान पसंदसारख्या गोळीवर तो फार उठून दिसतो: आधी नुसतं गोड, आणि नाक सुटताच विडा.

चॉकलेट चावू नका. जिभेने टाळूला लावून ठेवा. पूर्ण वितळलं, टाळू स्वच्छ राहिला तर कोको बटर आहे. मेणासारखा थर मागे राहिला तर दुसरं फॅट आहे, कारण ते ३७ अंशांना पुरतं वितळत नाही.

शेवटी गिळून एक मिनिट थांबा. मागे काय उरतं? भाजका कडवटपणा, दूध, की नुसती साखर?

गुण कसे द्यावेत

चॉकलेटला शंभरपैकी: दिसणं १०, तुटणं १५, वितळणं २५, स्वाद ३५, मागे उरणारी चव १५. गोळीला वितळण्याचे गुण देऊन चालणार नाही. तिला पारदर्शकपणा १५, जिभेवरचा गुळगुळीतपणा २०, आंबट-गोडाचा तोल ३०, सुगंध २५ आणि टिकण्याला १०. टॉफीत दाताला किती चिकटते आणि दुधाचा खरपूस वास किती, याला निम्मे गुण राखा. कंपाउंडला चॉकलेटचाच तक्ता लावा, पण त्याची तुलना आपसातच करा. आकडे आधी कागदावर लिहा, बोलणं नंतर. घरातल्या मोठ्या माणसाने "वा!" म्हटलं की बाकीच्यांची लेखणी त्याच दिशेने वळते.

"मला फरक कळतो" असं कुणी ठासून म्हणालं, तर त्रिकोणी चाचणी घ्या. तीन तुकडे द्या, दोन एकाच वडीचे आणि एक दुसरीचा. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा उत्तर बरोबर येतंच. म्हणून बारा जणांपैकी किमान आठ जणांनी बरोबर ओळखलं, तरच फरक खरा धरतात. अन्नपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मालासाठी हीच पद्धत वापरतात, आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत चव पारखण्याच्या शास्त्रावर संशोधन होतं.

कागद वाचा

सगळे आकडे लिहून झाले की मगच वेष्टणं उघड करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते; जे पहिलं, ते सर्वांत जास्त. बहुतेक ठिकाणी पहिला शब्द साखर हाच सापडेल. पुढे कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड फॅट, ते पाहा आणि टाळूने आधीच काय सांगितलं होतं त्याच्याशी ताडून पाहा.

माझा कौल असा. रोजच्या खिशाला आणि खान्देशी उन्हाला गोळीइतकं इमानी काही नाही. त्यात सुगंधाला मी पान पसंद पहिली ठेवतो. टॉफीत वेलचीसाठी किसमी. चॉकलेट घ्यायचं तर थंडीत घ्यावं, आणि ज्याला कोकोची ओळख करून घ्यायची आहे त्याने दुधाळ वडीबरोबर अमूलचं ५५ टक्क्यांचं डार्क ठेवून पाहावं. कडू लागेल, पण कोको म्हणजे काय ते तिथेच कळेल.

माझा कौल तुम्ही मानू नका. येत्या थंडीत एका रविवारी दहा वाजता घरातली मुलं आणि शेजारचे चार जण जमवा, नावं झाका आणि चाखा. मुलांच्या हाती खाऊ पडतो तेव्हा तो कशाचा आहे हे त्यांना जिभेने ओळखता यावं, एवढं शिकवायला एक सकाळ पुरते.