कांडीएवढा माणूस

मामाच्या गोठ्यातली गाय माजावर आली की निरोप जायचा आणि तासाभरात मोटारसायकलवरून डॉक्टर यायचे. खरं तर ते कृत्रिम रेतन करणारे तंत्रज्ञ. पण गावात गाय भरवायला येणारा प्रत्येक जण डॉक्टरच. गाडीच्या मागे बांधलेलं, दुधाच्या कॅनसारखं ॲल्युमिनियमचं भांडं ते सांभाळून उतरवत. झाकण काढलं की आतून पांढरं धुकं निघायचं, पण चहाच्या वाफेसारखं वर न जाता भांड्याच्या काठावरून खाली ओघळायचं. त्यातून ते चिमट्याने एक बारीक कांडी उचलत, कोमट पाण्याच्या थर्मासात अर्धा मिनिट बुडवत, पुसून कोरडी करत आणि कामाला लागत. कांडीत पाव मिलिलिटर वीर्य, उणे 196 अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेलं. ज्या वळूचं ते, तो कदाचित कधीच मेलेला.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि अंतराळप्रवासाचा एक सिनेमा नुकताच पाहून आलो होतो. विचारलं, “डॉक्टर, माणूस का नाही ठेवता येत असा?” हात धुता धुता ते म्हणाले, “कांडीएवढा माणूस आणा, ठेवून दाखवतो.” मामा हसला, मीही हसलो. पुढे या विषयावर बरंच वाचलं, पण इतकं नेमकं उत्तर काही सापडलं नाही.

सिनेमातलं दृश्य ठरलेलं असतं. काचेची पेटी, आत निळसर धुकं, पापण्यांवर बर्फाची कणी. भोंगा वाजतो आणि माणूस खोकत उठून बसतो. 2016 च्या ‘पॅसेंजर्स’मध्ये तर असे पाच हजार प्रवासी 120 वर्षांच्या प्रवासाला झोपवले आहेत. या दृश्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते: गार होणं आणि गोठणं. बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

‘गोठलेला माणूस पुन्हा जिवंत झाला’

अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यातली सर्वांत गाजलेली आणि नीट नोंदलेली घटना नॉर्वेतली. मे 1999 मध्ये आन्ना बोगेनहोल्म ही 29 वर्षांची स्वीडिश डॉक्टर नार्विकजवळ स्की करताना एका ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत तोंड घालून ती सुमारे 40 मिनिटं श्वास घेत राहिली, मग हालचाल थांबली. बाहेर काढेपर्यंत 80 मिनिटं झाली होती. हृदय बंद, श्वास बंद, शरीराचं तापमान 13.7 अंश. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात मॅड्स गिल्बर्ट यांच्या चमूने तिचं रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू गरम केलं. ती वाचली, आणि पुढे त्याच रुग्णालयात नोकरीला लागली. हातांच्या नसांना झालेली इजा तेवढी राहिली.

यात कुठेही ती गोठली नव्हती. 13.7 अंश म्हणजे फ्रीजमधल्या पाण्यापेक्षाही कोमट. नेहमीच्या तापमानाला रक्तपुरवठा तुटला की मेंदू चार-पाच मिनिटांत बिघडायला लागतो. पण तापमान दर अंशाने उतरतं तशी मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते. बोगेनहोल्मच्या बाबतीत क्रम नशिबाने बरोबर लागला: हवेच्या त्या पोकळीमुळे आधी शरीर गार झालं, मग हृदय थांबलं. हेच उलट झालं असतं, म्हणजे आधी गुदमरून मग गार, तर काही उरलं नसतं.

हा क्रम शल्यचिकित्सक मुद्दाम लावतात. महाधमनीच्या कमानीवर शस्त्रक्रिया करताना रुग्णाला 18-20 अंशांपर्यंत गार करून रक्ताभिसरण काही काळ पूर्ण थांबवतात. आपल्याकडच्या मोठ्या हृदयरुग्णालयांतही हे होतं. बाल्टिमोरमध्ये सॅम्युअल टिशरमन यांनी आणखी पुढची चाचणी सुरू केली. गोळी किंवा सुरा लागून हृदय बंद पडलेल्या माणसाच्या रक्ताच्या जागी बर्फगार सलाइन भरायचं आणि टाके घालायला साधारण दोन तास मिळवायचे. दोन तास, दोनशे वर्षं नव्हेत.

आता गोठणं. फ्रीजमध्ये मागे सरकून बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली कोथिंबिरीची जुडी आठवा. सकाळी हिरवी काडी सापडत नाही, काळपट, पाणी सुटलेला गोळा हाती येतो. पेशींच्या बाहेरचं पाणी आधी गोठतं. बर्फात क्षारांना जागा नसते, त्यामुळे उरलेलं पाणी खारट होत जातं आणि मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटावं तसं पेशींना पाणी सुटतं. फार भरभर गोठवलं तर बर्फाच्या सुया पेशीच्या आतच तयार होतात, आणि मग विषयच संपला.

‘पण बेडूक गोठतो ना?’

गोठतो. उत्तर अमेरिकेतल्या ‘वुड फ्रॉग’च्या शरीरातलं जवळजवळ 65 टक्के पाणी हिवाळ्यात बर्फ होतं, हृदय थांबतं, टिचकी मारली तर दगडासारखा आवाज येतो. वसंतात तो वितळून उड्या मारायला लागतो. पण पेशींच्या आत तो बर्फ होऊ देत नाही. कातडीला बर्फाचा पहिला स्पर्श होताच यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि पेशी जणू पाकात मुरतात. बर्फ होतो तो कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत. माणसाच्या रक्तात एवढी साखर झाली तर गोठायची वाटच पाहावी लागणार नाही.

‘अस्वलासारखं झोपायचं’

शीतनिद्रा हा शब्दच थोडा दगाबाज आहे, कारण ती निद्रा नव्हे. अलास्कातली आर्क्टिक खार हिवाळ्यात शरीर उणे 2.9 अंशांपर्यंत उतरवते आणि तरी तिचं रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती चरबी जाळून स्वतःला पुन्हा 36-37 अंशांवर आणते. या महागड्या उठाबशीत ती करते काय? बहुतेक वेळ झोपते. एवढ्या थंडीत मेंदूला खरी झोप मिळतच नाही, म्हणून झोपण्यासाठी उठायचं. कुंभकर्णाला हे कळलं असतं तर सहा महिन्यांच्या झोपेला त्याने नक्कीच वेगळं नाव दिलं असतं.

अस्वल तर फारसं गारही होत नाही. त्याचं तापमान 30 अंशांच्या वरच राहतं, पण शरीराचा एकूण खर्च मात्र नेहमीच्या पाव भागावर येतो. आणि शीतनिद्रेला थंडी लागतेच असंही नाही. मादागास्करचा जाड शेपटीचा बुटका लेमूर हा आपल्याच वानरगणातला प्राणी कोरड्या ऋतूत सात महिन्यांपर्यंत झाडाच्या ढोलीत पडून राहतो. दुपारी ढोली 30 अंशांच्या वर तापली तर तोही तापतो. अंतराळवैद्यकातल्या लोकांना आशा वाटते ती बर्फातल्या बेडकापेक्षा या लेमूरमुळे. शरीराचा खर्च कमी करणारं बटण थंडीखेरीज दुसरीकडेही असू शकतं, आणि ते आपल्या चुलत घराण्यात आहे.

माणसाचं शरीर मात्र थंडीशी भांडतं. खार आपला थर्मोस्टॅटच खाली आणते, आपण कुडकुडतो. 2005 मध्ये सिएटलच्या मार्क रॉथ यांनी उंदरांना किंचित हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू हुंगवला आणि त्यांचा ऑक्सिजनचा खर्च 90 टक्क्यांनी उतरला. जगभर मथळे झळकले. मग कोणीतरी मेंढीवर करून पाहिलं. मेंढीला फरक पडला नाही. डॉक्टरांचं कांडीचं उत्तर इथेही लागू पडतं: उंदीर पटकन गार होतो, मोठं धूड होत नाही.

‘अंतराळात सूट फाटला की क्षणात बर्फ’

हा सिनेमावाल्यांचा लाडका शेवट. अंतराळ थंड आहे खरं, पण उष्णता वाहून न्यायला तिथे हवा नाही. डॉक्टरांच्या भांड्यात नायट्रोजन कित्येक दिवस टिकतो तो दोन भिंतींमधल्या निर्वातामुळेच. निर्वात म्हणजे थर्मासची भिंत, आणि अंतराळ म्हणजे न संपणारी भिंत. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः प्रारणाने. कपड्यांविना 70 किलोचं शरीर सावलीत साधारण 850 वॉटने उष्णता फेकेल, म्हणजे एक अंश उतरायला पाचेक मिनिटं. ओल्या कातडीवरून, तोंडातून पाणी उडून थोडी भर पडेल; तरी गोठायला तास न् तास जातील. अंतराळवीर सूटच्या आत गार पाण्याच्या नळ्या विणलेला पोशाख घालतात तो याचसाठी. तिथली रोजची कटकट उष्णता बाहेर काढण्याची असते.

माणूस मरेल तो हवेअभावी, आणि लवकर. डिसेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात-कक्षात जिम लेब्लँक या तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. सुमारे 14 सेकंदांत तो बेशुद्ध पडला. कक्षात लगेच हवा भरली म्हणून वाचला. शुद्ध जाण्याआधीची त्याची शेवटची आठवण होती जिभेवर लाळ उकळायला लागल्याची.

बर्फाबद्दलचा उलटा गैरसमजही आहे. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनमध्ये 19,600 फुटांवर हिमकडा कोसळला आणि लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. तेव्हा लोक म्हणाले, बर्फाने त्यांना गोठवून जपलं. खरं तर गोठले नाहीत म्हणूनच ते तेवढे दिवस तगले. साचलेलं हिम हवा धरून ठेवतं आणि बाहेरच्या उणे 40च्या वाऱ्यापुढे गोधडीसारखं काम करतं. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली.

‘वॉल्ट डिस्ने बर्फात आहे’

नाही. 15 डिसेंबर 1966 ला तो वारला आणि दोन दिवसांनी त्याचं दहन झालं. अफवेला खतपाणी मिळालं ते तारखांमुळे. 12 जानेवारी 1967 ला, म्हणजे महिन्याच्या आत, कॅलिफोर्नियातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचा देह भविष्याच्या आशेने गोठवला गेला. असा पहिलाच माणूस. तो देह आजही ॲरिझोनात ‘अल्कॉर’ या संस्थेकडे द्रव नायट्रोजनमध्ये आहे. तिथे देह डोकं खाली करून टांगतात, नायट्रोजन कमी झालाच तर मेंदू सर्वांत शेवटी वितळावा म्हणून. कायद्याने हे मृत्यू जाहीर झाल्यावरच करता येतं. म्हणजे ‘जिवंत गोठवलेला’ माणूस आज जगात एकही नाही.

लोकांना वाटतं, गोठवणं अवघड आणि वितळवणं म्हणजे फक्त वाट पाहणं. हल्ली अवयवात औषधं भरून त्याला बर्फ न होता काचेसारखं घट्ट करता येतं. गाडी अडते ती परतीच्या वाटेवर. एक भाग आधी गरम झाला आणि दुसरा मागे राहिला की काच तडकते, किंवा मधल्या तापमानांत बर्फ धरतो. 1950 च्या दशकात लंडनच्या मिल हिल संस्थेत जेम्स लव्हलॉक अर्धवट गोठलेले हॅमस्टर मायक्रोवेव्ह लहरींनी उठवत असत, कारण बाहेरून तापवलं तर कातडी भाजायची आणि काळीज थंडच राहायचं. पृथ्वीला ‘गाया’ म्हणणारे तेच हे लव्हलॉक. 2023 मध्ये मिनेसोटातल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या मूत्रपिंडात लोहाचे अतिसूक्ष्म कण भरले, ते 100 दिवसांपर्यंत गोठवून ठेवलं, चुंबकीय क्षेत्राने सगळीकडून एकदम तापवलं आणि दुसऱ्या उंदराला बसवलं. ते चाललं. पण उंदराचं मूत्रपिंड ते केवढंसं.

‘मंगळावर झोपून जाता येईल’

इथे थट्टा नको, कारण या दिशेने खरं काम चालू आहे. फक्त त्यात बर्फ नाही. नासाच्या पैशातून स्पेसवर्क्स या कंपनीने मांडलेल्या आराखड्यात अंतराळवीरांना 32-34 अंशांवर, एका वेळी साधारण दोन आठवडे गुंगीत ठेवायचं आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अभ्यासानुसार झोपलेल्या चमूसाठी यानाचं वजन एक तृतीयांशाने कमी होऊ शकेल. पण 32 अंश हेही माणसाला फुकट मिळत नाही. हृदयक्रिया थांबून वाचलेल्या बेशुद्ध रुग्णांना 33 अंशांवर ठेवण्याची पद्धत 2002 नंतर जगभर पसरली. 2021 मध्ये 1,800 हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं, की नुसता ताप येऊ न देण्यापेक्षा तिचा जास्त फायदा होत नाही.

आणि वय? पुराणातला मुचकुंद गुहेत युगभर झोपला, उठला तेव्हा माणसं खुजी झालेली होती आणि तो तसाच होता. शीतनिद्रेत मार्मोटसारख्या प्राण्यांचं वय खरंच हळू चालतं. पण पूर्ण गोठलेल्या देहाची अडचण वेगळी आहे. 2011-12 मध्ये मंगळाकडे जाणाऱ्या यानावर दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मोजला गेला. पृथ्वीवर आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतो. म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होईपर्यंत वर्षभराचा वाटा संपला. जागी पेशी हे नुकसान रोज थोडं थोडं दुरुस्त करते. गोठलेली पेशी काहीच करत नाही, नुसतं साठवते.

राहता राहिली डॉक्टरांची कांडीएवढ्या माणसाची अट. ती आपल्या देशात तेव्हाच पूर्ण झालेली होती. 3 ऑक्टोबर 1978 ला कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली, जगातलं दुसरं टेस्ट ट्यूब बाळ. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तिचा भ्रूण 53 दिवस गोठवून ठेवला होता. सरकारी समितीने त्यांचा दावा उडवून लावला आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईच्या केईएममध्ये 1986 साली जन्मलेलं बाळ देशातलं पहिलं मानलं गेलं. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर असलेल्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांच्या वह्या वाचल्या आणि 1997 मध्ये स्वतःचा पहिलेपणा सोडून जाहीर केलं, की मान त्यांचा आहे.

2022 मध्ये अमेरिकेत जुळी मुलं जन्मली, 1992 पासून गोठवलेल्या भ्रूणांतून. तीस वर्षं. काही पेशींचा तो भ्रूण टिंबाहूनही लहान असतो. औषध क्षणात आरपार जातं, थंडीही आणि ऊबही. पाव मिलिलिटरच्या कांडीत तसे कित्येक मावतील.