सुनेचे नृत्य आणि सासरचा आक्षेप : 'अनुपमा' मालिकेच्या निमित्ताने

कौटुंबिक मालिकेची नायिका कलावंत असली की संघर्षाची सोय आपोआप होते. मात्र ती कला कोणती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लीना गंगोपाध्याय यांच्या 'श्रीमयी' (२०१९) या बंगाली मालिकेच्या कथाबीजावरून मराठीत 'आई कुठे काय करते' (२०१९-२०२४) आणि हिंदीत 'अनुपमा' (२०२०) या मालिका आल्या. पंचवीस वर्षे संसारात खपलेली गृहिणी, तिला कमी लेखणारा पती, त्याचे सहकारी स्त्रीशी असलेले संबंध आणि मुलाची बाजू घेणारी सासू हा सांगाडा दोहोंत समान आहे. परंतु मराठीतील अरुंधती गाते, हिंदीतील अनुपमा नाचते.

हा भेद वरवरचा नव्हे. गाणे घरात सामावते. जात्यावरची ओवी, देवघरातले भजन, मंगळागौरीची गाणी यांतून मराठी मध्यमवर्गीय घराने स्त्रीच्या आवाजाला जागा दिलेली आहे. मंगळागौरीला बायका फेर धरतात हे खरे, पण तो 'खेळ' मानला जातो. नर्तकी म्हटली की 'सांगत्ये ऐका' (१९५९) किंवा 'पिंजरा' (१९७२) यांतील तमाशाचा फड आठवतो. फडावरची स्त्री घराबाहेरची. ती कुणाची सून म्हणून कल्पिलीच जात नाही. मराठी रूपांतरकारांनी हा विचार केला असो वा नसो, प्रेक्षकाच्या स्मृतीत तो आहेच.

'अनुपमा'तील शाह कुटुंब अहमदाबादचे गुजराती. तेथे नृत्य परके नाही. नवरात्रात सासू आणि सून एकाच फेरात गरबा खेळतात. मग लीला, म्हणजे घरातली 'बा', हिला नेमके काय खुपते? गरब्याच्या वर्तुळात सून अनेकींपैकी एक असते, रंगमंचावर ती एकटी असते. तेथे तिला स्वतःचे नाव मिळते, मोबदलाही मिळतो. आक्षेप पदन्यासाला नसून या एकटेपणाला आहे. 'अनुपमा : नमस्ते अमेरिका' (२०२२) या अकरा भागांच्या पूर्वकथेत अमेरिकेत नृत्य करण्याची संधी ती कुटुंबाखातर सोडते. मूळ मालिकेतील तिची मुकी खंत तेथून आलेली आहे.

अतिनाट्यात जे बोलता येत नाही ते देह बोलतो, असे प्रतिपादन पीटर ब्रुक्स यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात केले. इंग्रजी न येणाऱ्या, मुलांकडूनही हिणवल्या जाणाऱ्या अनुपमेला हे तंतोतंत लागू पडते. स्वयंपाकघरात मान खाली घालून वावरणारी हीच स्त्री नाचताना ताठ उभी राहते. संवादांनी शंभर भागांत जे साधत नाही ते या एका बदलात दिसते. (संवाद अनेकदा उपदेशाकडे झुकतात, हेही सांगितले पाहिजे.)

मालिकेची अडचण पुढे आहे. रोज चालणाऱ्या कथेला संघर्ष मिटवून चालत नाही. म्हणून अनुपमेच्या नृत्यातील प्रत्येक यशापाठोपाठ घरात एखादे संकट उभे राहते आणि तिला परत यावे लागते. पती वनराजशी घटस्फोट होतो, ती नृत्यशाळा काढते, पुढे अनुज कपाडियाशी विवाहही करते. तरी शाहांच्या घरचे तिला बोलावणे थांबत नाही. सासरे हसमुख आरंभापासून तिच्या पाठीशी आहेत, परंतु त्यांचा पाठिंबा 'गुणी सून' म्हणून आहे. आधी सर्वांना जेवू घातले तरच घुंगरू क्षम्य, हा करार घटस्फोटानंतरही मोडत नाही. आणि 'बा' तिला तो बोलून दाखवते, एवढाच तिचा आणि इतरांचा फरक.