ओढल्या जाणाऱ्या वजनाचा हिशेब

लखनऊहून कानपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात मानक नगर हे छोटे स्थानक ओलांडते. नाव सार्थ आहे. १९३० चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ चे रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ मध्ये स्थापन झालेली ‘आरडीएसओ’ ही रेल्वेची संशोधन संस्था येथेच आहे. इंजिन, डबे, रूळ यांची मानके ती ठरवते.

रेल्वेत डिझेलचा हिशेब लिटरमागे किती किलोमीटर, असा मांडत नाहीत. एक हजार टन वजन एक किलोमीटर नेण्यास किती लिटर लागले, असा मांडतात. या मोजणीत ओढले जाणारे वजन आपोआप येते. उभ्या इंजिनाचाही हिशेब असतो: नुसते धडधडत राहिलेले मुख्य इंजिन तासाला सुमारे २५ लिटर डिझेल पिते, तेच काम छोटे साहाय्यक इंजिन तीन लिटरांत भागवते. म्हणूनच ते बसवण्यात आले.

रस्त्यावर मात्र आपण अजून ‘ॲव्हरेज किती देते?’ एवढेच विचारतो. मोटारींसाठी सरासरी इंधनक्षमतेचे निकष २०१७-१८ पासून लागू झाले आणि २०२२-२३ पासून कडक झाले. पण ज्या भारतीय चाचणीचक्रावर ते बेतले, त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि गाडी प्रयोगशाळेतील रोलरवर धावते. तिच्यामागे काही जोडलेले नसते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. उद्या मोठ्या एसयूव्हीमागे राहुटीवजा ट्रेलर जोडून कोणी कोकणात निघाला, तर कागदावरचा आकडा त्याच्या कामाचा नाही. उंच, चौकोनी ट्रेलर महामार्गाच्या वेगाने ओढताना लिटरमागचे अंतर एक तृतीयांश ते निम्म्याने घटणे नेहमीचेच आहे.

याचे कारण वजनापेक्षा वाऱ्यात अधिक आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून जास्त होतो. मालगाडीत पन्नासहून अधिक वाघिणी एकामागोमाग असतात, त्यामुळे समोरच्या वाऱ्याचा मोठा मार पहिल्या काहींनाच बसतो. शिवाय सपाटीवर, कमी वेगात, एक टन वजन पोलादी चाकांवर हलते ठेवायला साधारण दोन किलोची ओढ पुरते. रबरी टायरांना सहा ते दहा किलो लागते.

चढावर मात्र हा फरक झपाट्याने वितळतो. बोरघाटातील लोहमार्ग ३७ फुटांना एक फूट चढतो. तिथे दर टनामागे २७ किलोची जादा ओढ दोघांनाही सारखीच द्यावी लागते. म्हणून तर कर्जतला गाडीमागे जादा इंजिने लावतात. रेल्वेचे गोडवे गाणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) हे विसरू नये.

अवजड वाहनांसाठी, म्हणजे १२ टन आणि त्यावरील, इंधननिकष २०१७ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत भरलेल्या वाहनाची चाचणी आहे, हे चांगलेच. पण ती ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगावर होते. घाट, नाके, चौकातली खोळंबलेली वाट यांपैकी तीत काहीच नाही. लगोलग २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसावरील भारमर्यादा वाढवली, चार टायरांच्या एकेरी आसाला १०.२ वरून ११.५ टन. टनामागचे डिझेल त्याने कमी होते, हे खरे. रस्त्याची झीज मात्र भारापेक्षा कितीतरी जलद वाढते आणि तो खर्च दुसऱ्याच खात्याच्या वहीत जातो.

मालवाहतुकीतला रेल्वेचा सुमारे २७ टक्के वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचे लक्ष्य आहे. दादरी ते जेएनपीटी या १५०६ किलोमीटरच्या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेकडून त्यात मोठी अपेक्षा आहे आणि तिचा वैतरणा ते जेएनपीटी हा महाराष्ट्रातलाच टप्पा सर्वांत मागे पडला. तोवर बंदरातले बहुतेक कंटेनर ट्रेलरवरच चढत राहिले.

रेल्वेचे जाळे जवळजवळ पूर्ण विद्युतीकृत झाल्याने मानक नगरातल्या डिझेल-हिशेबाचे काम घटत जाणार. ती मोजपट्टी रस्तेवाहतूक मंत्रालयाने मागून घ्यावी. निदान ट्रकच्या आणि ट्रेलर ओढू शकणाऱ्या एसयूव्हीच्या विक्रीपत्रकावर, भारासह, टन-किलोमीटरमागे किती इंधन, हा एक रकाना तरी सक्तीचा करावा.